तुरुंगातून सुटलेला मनुष्य आणि त्याचे घर

(ज्युबिली महोत्सवातील कुटुंब-दिनी संध्याकाळी दिलेले भाषण)



आजच्या या आनंदाच्या प्रसंगी 'कुटुंब' या विषयावर मी चार शब्द बोलावे, अशी आज्ञा उत्सवसमितीने मला केली. समितीच्या मनात एखादे गोड व मंगल भाषण असावे, हे मी जाणून आहे. विवाहाची पन्नास वर्षे पुरी केलेली जोडपी समोरच्या रांगेत बसली आहेत, लहान मुले नव्या कपड्यांत मिरवीत आहेत, बाहेर मंडपात जेवणाची तयारी चालू आहे. अशा वेळी मी तुरुंगाची गोष्ट काढणार आहे, त्याबद्दल आरंभीच क्षमा मागतो. परंतु 'ज्युबिली' हा शब्दच मला त्या विषयाकडे घेऊन गेला. त्यात माझा फारसा अपराध नाही.

ज्युबिली म्हणजे रोषणाई, पताका आणि स्मरणिका, असा आपला समज झालेला आहे. मूळ अर्थ तसा नाही. जुन्या करारातील लेवीय ग्रंथाच्या पंचविसाव्या अध्यायात या वर्षाचा कायदा सांगितला आहे. सात वेळा सात वर्षे मोजावी, आणि पन्नासाव्या वर्षी शिंग फुंकून देशभर मुक्तता पुकारावी. येथवर पुष्कळांना ठाऊक असते. पण त्या आज्ञेचा दुसरा अर्धा भाग आपण वाचतो आणि विसरतो. दारिद्र्यामुळे ज्याने स्वतःस विकले त्याने त्या वर्षी आपल्या मुलांबाळांसह आपल्या कुळात परत जावे, असे तेथे सांगितले आहे. नुसते सुटणे तेथे पुरेसे मानलेले नाही. सुटलेल्या माणसाला जाण्यासाठी एक घर असले पाहिजे आणि त्या घराने त्याला घेतले पाहिजे, तेव्हाच ती मुक्तता पुरी झाली, असा त्या कायद्याचा भाव आहे. बेडी तोडण्याचे काम राजा करू शकेल, न्यायाधीश करू शकेल. माणसाला घरात घेण्याचे काम मात्र घरच्यांवाचून कोणी करू शकत नाही.

प्रेषितांच्या कृत्यांच्या बाराव्या अध्यायात पेत्राच्या सुटकेची हकीकत आहे. हेरोद राजाने त्याला धरून दोन शिपायांच्या मध्ये दोन साखळ्यांनी बांधून ठेविले होते. रात्री देवदूत आला, साखळ्या गळून पडल्या, पहारे मागे पडले, आणि नगराकडे जाणारा लोखंडी दरवाजा आपोआप उघडला. पुढे पेत्र काळोखात चालत योहान मार्काची आई मरिया हिच्या घरी गेला. आत पुष्कळ लोक जमून प्रार्थना करीत होते. त्याने दार ठोठावले. रोदा नावाची दासी आली. तिने त्याचा आवाज ओळखला, परंतु आनंदाच्या भरात दार न उघडताच ती आत धावली. आतले लोक तिला म्हणाले की तुला वेड लागले आहे. मग म्हणाले, तो त्याचा दूत असेल. आणि पेत्र बाहेर उभा राहून ठोठावीतच राहिला.

ही हकीकत वाचताना मला नेहमी थोडे हसू येते, आणि लगेच ते हसू मावळते. तुरुंगाचा लोखंडी दरवाजा आपोआप उघडला, पण स्वकीयांचे लाकडी दार ठोठवावे लागले. आणि आतली मंडळी काही दुष्ट नव्हती. ती त्याच्यासाठीच प्रार्थना करीत होती! ज्याच्यासाठी आपण गुडघे टेकून प्रार्थना करतो तोच दारात येऊन उभा राहिला म्हणजे आपल्याला तो खरा वाटत नाही. प्रार्थनेतला कैदी आपल्याला चालतो. दारातला कैदी अवघड पडतो.

तुरुंगाचा विषय आपल्या रत्नागिरीस परका नाही. ब्रिटिश अमदानीपासून येथे तुरुंग आहे आणि त्याच्या भिंतीवरून आपण रोज जातो-येतो. त्या तुरुंगात राहिलेल्यांपैकी सर्वांत प्रसिद्ध नाव विनायक दामोदर सावरकर यांचे. त्यांच्या राजकारणाविषयी या सभेत निरनिराळी मते असतील, आणि ती असावीत. माझा विषय तो नाही. माझे लक्ष त्यांच्या घराकडे आहे. दोन जन्मठेपी, म्हणजे पन्नास वर्षांची शिक्षा, एक अखंड ज्युबिलीच, घेऊन ते १९११ साली अंदमानात गेले. थोरले बंधू बाबाराव त्यांच्या आधीच तेथे जन्मठेप भोगीत होते. घरी उरला तो धाकटा भाऊ नारायण आणि दोन भावजया. वर्षातून एक पत्र लिहावयाची परवानगी. ते पत्र नारायणरावांच्या नावे यावयाचे आणि सगळ्या घराने ते वाचावयाचे. नारायणराव स्वतः शिकून दंतवैद्य झाले, मुंबईस व्यवसाय करू लागले, आणि बंधूंच्या सुटकेसाठी अर्ज-विनंत्या करण्यात त्यांनी तरुणपणाची वर्षे घातली. १९१९ साली ते विनायकरावांच्या पत्नी यमुनाबाई यांना घेऊन समुद्र ओलांडून अंदमानास भेटीसाठी गेले. बाबारावांच्या पत्नी येसूवहिनी यांच्या नशिबी मात्र ती भेट नव्हती. पतीला पुन्हा न पाहता त्या त्याच वर्षी वारल्या. बाबाराव १९२२ साली सुटले तेव्हा घर होते, परंतु त्या घरात त्यांची वाट पाहणारी नव्हती. शिक्षा एकाला होते, पण ती भोगून संपते कोणाची, हे सांगता येत नाही.

विनायकरावांना १९२१ च्या मे महिन्यात हिंदुस्थानात परत आणले. काही काळ ते आपल्याच रत्नागिरीच्या तुरुंगात होते, नंतर येरवड्यास. ६ जानेवारी १९२४ रोजी त्यांची सुटका झाली ती रत्नागिरी जिल्ह्याबाहेर जावयाचे नाही व राजकारणात पडावयाचे नाही, या अटींवर. त्या अटी १९३७ साली उठल्या. म्हणजे तुरुंगाबाहेरची तेरा वर्षेही एका परीने बंदीचीच होती. ती आपल्या गावात गेली, आणि ती त्यांनी संसार करीत काढली. पती १९०६ साली विलायतेस गेल्यापासून यमुनाबाईंनी सलग संसार असा पाहिला नव्हता. पहिला मुलगा पती परदेशी असतानाच गेला होता. रत्नागिरीच्या वास्तव्यात १९२५ साली मुलगी आणि १९२८ साली मुलगा झाला. येथे पतितपावन मंदिर १९३१ साली झाले, सभा झाल्या, लेखन झाले, हे सर्व इतिहासात लिहिलेले आहे. ज्या घरातून ते झाले त्या घरातली चूल कोणी पेटती ठेविली, हे इतिहास एका ओळीत आटोपतो.

तथापि येथे कोणी मला अडवील आणि म्हणेल की हे उदाहरण आपल्या उपयोगाचे नाही. देशासाठी तुरुंगात गेलेल्याला लोक हार घालतात. चोरी करून, मारामारी करून, पैसा खाऊन गेलेल्याला कोण हार घालील? हा आक्षेप अगदी बरोबर आहे. म्हणून आता दुसऱ्या प्रकारच्या कैद्याकडे येतो, आणि तो मला माझ्या आजोळीच सापडतो. ही गोष्ट मी आजवर कोणत्याही सभेत सांगितलेली नाही. घरच्या वडीलधाऱ्यांची अनुमती घेऊन आज सांगत आहे.

माझे एक मामा होते. बंदरावर होडीच्या वाट्याच्या पैशावरून एका रात्री भांडण झाले. दोघेही प्यालेले होते. मामांच्या हातून एक माणूस मेला. सदोष मनुष्यवधाबद्दल त्यांना सात वर्षांची शिक्षा झाली आणि ते कोल्हापूरच्या कळंबा कारागृहात गेले. मी तेव्हा प्राथमिक शाळेत होतो. घरात रडारड झाली, मग रडण्याची जागा कुजबुजीने घेतली, आणि मग मामांचे नाव घेणेच बंद झाले. मावशीचे लग्न ठरावयाचे होते. पाहुण्यांना काय सांगावे, हा प्रश्न होता. कोकणात अशा प्रश्नाचे एक तयार उत्तर असते, ते म्हणजे 'आखातात आहे.' आमच्याही घरी तेच ठरले. मामा कुवेतला गेले.

आजीला हे मान्य नव्हते. ती अक्षरशत्रू होती, पण तिची समजूत आमच्या सर्वांहून चोख होती. दर दोन-तीन महिन्यांनी ती पहाटेची एस.टी. धरून हातखंबा, पाली, साखरपा करीत आंबा घाट चढून कोल्हापूरला मुलाखतीस जात असे. तुरुंगातल्या भेटीस 'मुलाखत' म्हणतात, हा शब्द मी प्रथम तिच्या तोंडी ऐकला. ती तेथे जाऊन काय बोलत असेल, असे मला वाटे. एकदा मी तिच्याबरोबर गेलो तेव्हा कळले. मधल्या जाळीतून ती मुलाला रडे दाखवीत नव्हती, की उपदेशही करीत नव्हती. ती त्याला घरचे प्रश्न विचारीत होती. पडवीची कौले यंदा शाकारावी की पुढील वर्षी? मागचा फणस विकावा काय? धाकटीला आलेले स्थळ तुला कसे वाटते? आणि मामा जाळीपलीकडे उभे राहून गंभीरपणे उत्तरे देत होते. परत आल्यावर मामांनी फणस विकू नये असे सांगितले आहे, असे तिने घरात जाहीर केले. फणस विकला गेला नाही.

त्या वेळी ही गोष्ट मला म्हातारीचा हट्ट वाटली. आज वाटते की मामांना वाचविले ते याच हट्टाने. सात वर्षे तुरुंगाच्या दप्तरी ते एक नंबर होते. घराच्या दप्तरी मात्र ते घरातला थोरला मुलगा राहिले, ज्याच्या शब्दावाचून फणस विकला जात नाही. सुटून आलेल्या माणसाला जागा करून देणे फार कठीण असते, कारण इतक्या वर्षांत घरातली माणसे सरकून बसलेली असतात आणि मधली जागा बुजून गेलेली असते. आजीने ती जागा बुजूच दिली नाही. सुटकेनंतरचा आधार हा सुटकेच्या दिवशी देता येत नाही, बंधूंनो. तो शिक्षेच्या पहिल्या महिन्यापासून द्यावा लागतो.

मामा घरी आले तेव्हा मी चौदा वर्षांचा होतो. मला वाटले होते की ते मोठ्याने हसतील, खातील, समुद्रावर धावत जातील. तसे काही झाले नाही. पहाटे मोजणीच्या वेळेला ते उठून अंथरुणाची घडी करून तिच्याशेजारी बसून राहात. आणखी एक गोष्ट आमच्या लक्षात येऊ लागली. बंद दारापाशी आले म्हणजे ते थांबत. कडी लावलेली नसली तरी थांबत. सात वर्षे त्यांनी स्वतःच्या हाताने एकही दार उघडलेले नव्हते. वडिलांना याचा राग येई, मला भीती वाटे. आजी मात्र काही न बोलता उठे आणि दार ढकलून पुन्हा आपल्या कामास लागे. चार-पाच महिन्यांनी ते आपोआप बंद झाले.

आणि आता माझा स्वतःचा भाग. मी शाळेत सर्व मित्रांना कुवेतच्या गोष्टी सांगून ठेविल्या होत्या. मामा आल्यावर एक मित्र हौसेने घरी आला आणि त्यांच्यासमोर बसून त्याने विचारले, "मामा, कुवेतला कसे असते हो?" मामांनी माझ्याकडे पाहिले. मी मान खाली घातली. मग ते त्याला म्हणाले, "ऊन फार. आणि घरची आठवण फार येते." मित्र समाधानाने निघून गेला. मामांनी त्याविषयी मला कधीही एक शब्द विचारला नाही. त्या मनुष्याने माझी लाज राखली, आणि मी सात वर्षे त्यांना नाकारीत आलो होतो. अंगणातल्या शेकोटीपाशी बसून त्या बंदिवानाला मी ओळखत नाही असे म्हणणारा पेत्र, आणि पुढे स्वतः बंदिवासातून सुटून दार ठोठावणारा पेत्र, हा एकच मनुष्य आहे, हे वाचताना मला अजूनही ती दुपार आठवते.

यावरून घराने सर्व साधते, असे मात्र कोणी समजू नये. आजीने दार उघडे ठेविले, पण गल्ली बंदच होती. होडीवर त्यांना कोणी घेईना. ज्यांच्याबरोबर ते लहानपणी पोहावयास जात, ते रस्ता बदलीत. आमच्याही घरी येणेजाणे कमी झाले. मावशीच्या सासरी बोलणी बसली. पहिल्या दोन वर्षांत मामा पुन्हा दारूकडे वळतात की काय, अशी वेळ दोनदा आली, आणि दोन्ही वेळा घरात पैशाची तंगी होती. आजी एकदा म्हणाली की पोराला मी सांभाळीन, पण मला कोण सांभाळील? या वाक्यासाठीच मी आज उभा राहिलो आहे. सुटलेल्या कैद्याला कुटुंबाने आधार द्यावा, हे सांगणे सोपे आहे. त्या कुटुंबाला आधार कोणी द्यावा? अंथरुणाला खिळलेला आजारी माणूस घरात असला म्हणजे आपण पेज नेऊन देतो, रात्री जागावयास जातो. तुरुंगातून आलेला माणूस घरात असला म्हणजे त्या घरची पायरी टाळतो. त्या घराला गरज दोन्ही वेळा सारखीच असते.

शेवटी त्या वेळच्या आमच्या फादरांनी एक साधी गोष्ट केली. मामा तुरुंगात सुतारकाम शिकले होते. फादरांनी त्यांना बोलावून देवळातले मोडके बाक दुरुस्तीस दिले. प्रवचन केले नाही, की वेदीवरून काही जाहीर केले नाही. पुढचे तीन आठवडे देवळाच्या पडवीत रंधा चालविणारा माणूस लोकांनी येता-जाता पाहिला. चौथ्या आठवड्यात कोणीतरी आपल्या घराची खिडकी घेऊन आले. अगदी मागच्या दोन रांगांतील बाक त्यांच्या हातचे आहेत. मामा आता नाहीत. बाक कुरकुरत नाहीत, एवढे मी अभिमानाने सांगतो.

एक गोष्ट येथे राखून ठेवणे अप्रामाणिकपणाचे होईल. ज्याचा जीव गेला त्यालाही आई होती. आपल्या माणसाला जवळ करणे म्हणजे त्याने काही केलेच नाही असे म्हणणे, असा पुष्कळ घरांचा समज असतो, आणि तो घातक आहे. आजीने मुलाचा अपराध कधी लहान करून सांगितला नाही. शिक्षा झाल्यावर पहिल्याच वर्षी गुड फ्रायडेच्या दुसऱ्या दिवशी ती त्या बाईच्या घरी गेली. तिला दारातूनच परत पाठविले. दुसऱ्या वर्षीही तसेच. तिसऱ्या वर्षी बसावयास पाट दिला, बोलले कोणी नाही. आजी थोडा वेळ बसून आली. पुढे ती दरवर्षी जात राहिली. त्या घराने क्षमा केली की नाही, मला ठाऊक नाही, आणि तो प्रश्न त्यांना विचारण्याचा अधिकार आमचा नव्हता.

आता सरकारी कायदा काय म्हणतो तेही थोडक्यात पाहू. महाराष्ट्रात शिक्षाबंदीला मधून मधून घरी येण्यासाठी दोन प्रकारची रजा आहे. फर्लोला संचित रजा म्हणतात आणि पॅरोलला अभिवचन रजा. तिचे नियम १९५९ सालचे आहेत आणि त्यांत पुढे दुरुस्त्याही झाल्या. कैद्याचा घराशी धागा तुटू नये, हाच संचित रजेचा एक हेतू आहे. परंतु ती मिळावयास त्याला ठेवून घेण्यास तयार व जामीन राहण्यास राजी असा नातेवाईक लागतो, असे त्या नियमांत घातलेले आहे. म्हणजे सरकारही प्रथम हेच विचारते की तुला घेणारे कोणी आहे काय? ज्याचे कोणी नाही, त्याची रजाही अडते. अलीकडे महाराष्ट्रातील काही कारागृहांत 'गळाभेट' नावाचा उपक्रम होऊ लागला, त्यात बंदीला आपल्या लहान मुलांना जाळीवाचून जवळ घेता येते. फार चांगली गोष्ट आहे. पण मुलाला तेथवर घेऊन जाणारे कोणी हवे आणि त्या मनुष्याकडे गाडीभाड्याचे पैसे हवेत. स्त्रियांची स्थिती अधिक बिकट. पुरुष तुरुंगात गेला तर त्याची आई आणि बायको मुलाखतीला जातात. बाई तुरुंगात गेली तर तिची आई जाते, बहीण जाते. नवरा जातोच असे नाही, आणि सुटल्यावर तिच्यासाठी सासरचेही दार बंद आणि माहेरचेही बंद, असे पुष्कळदा होते.

शिवाय तुरुंगातले सगळेच अपराधी असतात, ही आपली समजूत तपासून पाहिली पाहिजे. २०२२ सालच्या अखेरीस भारतातील तुरुंगांत सुमारे ५ लाख ७३ हजार माणसे होती. त्यांपैकी सुमारे ४ लाख ३४ हजार, म्हणजे दर चारांत तीन, न्यायाधीन बंदी होते. त्यांचा खटला अजून संपलेला नव्हता. त्यांतले काही पुढे निर्दोष सुटून घरी येतात. परंतु आपल्या गल्लीत दोषी आणि निर्दोष यांना एकच नजर मिळते.

संत जॉन बॉस्को हे एकोणिसाव्या शतकात इटलीतील तूरिन शहरी तरुण धर्मगुरू होते. त्यांचे गुरू योसेफ काफासो हे कैद्यांत काम करीत आणि त्यांना घेऊन तुरुंगात जात. तेथे धडधाकट, हुशार मुले पाहून बॉस्को हळहळले. पण त्यांना अधिक धक्का बसला तो दुसऱ्याच गोष्टीचा. चांगले वागण्याचा निश्चय करून सुटलेली मुले थोड्याच दिवसांत पुन्हा तेथेच दिसत. बाहेर त्यांचे कोणी नव्हते, हे कारण त्यांनी ओळखले, आणि मुलांना बाहेर कोणीतरी मिळावे म्हणून त्यांनी आपले आयुष्य वेचले. सालेशियन संस्थेच्या शाळा आज जगभर आहेत. तिच्या मुळाशी तुरुंगाच्या दारातला हा प्रश्न आहे, हे तिच्या शाळांत शिकलेल्यांनाही पुष्कळदा ठाऊक नसते.

इतके लांब इटलीस जावयाचेही कारण नाही. सांगली जिल्ह्यात आटपाडीजवळ स्वतंत्रपूर नावाची वसाहत आहे. औंध संस्थानचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी १९३९ साली ती स्थापिली. कल्पना मॉरिस फ्रिडमन या पोलंडच्या अभियंत्याची होती. खुनासारख्या अपराधाची शिक्षा झालेले कैदी तेथे कोटावाचून, उघड्या माळावर शेती करून राहतात, आणि मुख्य म्हणजे बायकामुलांसह राहतात. या वसाहतीवरून ग. दि. माडगूळकर यांनी कथा लिहिली आणि व्ही. शांताराम यांनी १९५७ साली 'दो आँखें बारह हाथ' हा चित्रपट काढला. तो पुष्कळांनी पाहिला असेल. त्यात कैद्यांना धाक व प्रेम दाखविणारा तुरुंगाधिकारी लोकांच्या लक्षात राहिला. माझे मत थोडे निराळे आहे. एक सज्जन अधिकारी बदलून जातो. सकाळी भाकरी थापणारी बायको आणि दप्तर घेऊन शाळेस निघालेले पोर रोज डोळ्यांसमोर असते, आणि ज्याच्या डोळ्यांसमोर ते आहे त्याला कोट लागत नाही. संस्थान विलीन झाले, राजे गेले, वसाहत मात्र टिकली.

आपल्या ख्रिस्तसभेतही काम होत आहे. केरळात १९८१ साली सुरू झालेली प्रिझन मिनिस्ट्री इंडिया ही कॅथलिक स्वयंसेवकांची संस्था देशभरातील तुरुंगांत जाते. मुंबईस टाटा समाजविज्ञान संस्थेचा 'प्रयास' हा प्रकल्प १९९० पासून सुटलेल्यांना उभे राहण्यास साहाय्य करीत आला आहे. या संस्था थोर आहेत. परंतु संध्याकाळी दिवा लागल्यावर ज्या घरात तो मनुष्य भिंतीला टेकून बसलेला असतो, त्या घरात संस्था नसते. तेथे शेजारी असतो.

पोप फ्रान्सिस यांनी त्यांच्या मृत्यूच्या काही महिने आधी, २६ डिसेंबर २०२४ रोजी, ज्युबिली वर्षाचे एक पवित्र द्वार रोममधील रेबिबिया या तुरुंगात उघडले. ज्युबिलीचे द्वार तुरुंगात! ती वार्ता वाचून मला लेवीय ग्रंथातला तो अर्धा विसरलेला कायदा आठवला, आणि त्याच्याबरोबर मरियेच्या घरचे दारही.

आता माझे बोलणे आवरतो, कारण जेवण निवत आहे. शेवटी एक कामाची गोष्ट. आपल्यातल्याच एका घरचा मुलगा येत्या पावसाळ्यापूर्वी शिक्षा भोगून परत येणार आहे. त्याचे नाव मी घेणार नाही. त्याची आई रविवारच्या पहिल्या मिस्सेस येते, मागच्या बाकावर बसते आणि आशीर्वाद होताच कोणाशी न बोलता निघून जाते. तिला विचारूनच मी एवढे सांगत आहे. मुलाला वायरिंगचे काम येते. घराचे छप्पर शाकारावयाचे आहे. मुलाखतीच्या भाड्यापायी दुकानाची उधारी झाली आहे. आणि तो येईल त्या दिवशी त्याला आणावयास एस.टी. स्टँडवर एकटीने उभे राहावयाचे तिच्या जिवावर आले आहे. मी जाणार आहे. आणखी दोघे-तिघे असले तर बरे. ज्यांना येणे शक्य असेल त्यांनी जेवणानंतर मला पाठीमागच्या पडवीत भेटावे.